चार बोटं खाली

जगनभाई पाटलांना कुठलीही मोटार उभी दिसली, की ते आधी तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे. मग टायर आणि त्याच्यावरचं मडगार्ड यांच्यामधल्या फटीत उजव्या हाताची बोटं आडवी घालायचे, मावतील तितकी, आणि मोठ्याने आकडा सांगायचे. मोटार कोणाची, आत कोण बसलंय, ती सुटायच्या बेतात आहे का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

एकदा कचेरीसमोर मामलेदारांची जीप उभी होती. ड्रायव्हरला वाटलं, हा म्हातारा चाकातली हवा सोडतोय. त्याने सदऱ्याला धरून मागे ओढलं, तर जगनभाई उलट त्यालाच म्हणतात, "सात बोटं! आरे, हाई जीप शे का वावरमाधला माळा?" एसटीच्या चाकावर हात असताना कंडक्टरने घंटी मारली. अर्ध्या स्टँडने बोंब ठोकली म्हणून तो हात वाचला. आणि एका वरातीत तर हद्द झाली. फुलांनी सजवलेली मोटार, आत नवरदेव, पुढे बँड, आणि हा माणूस चाकाशी उकिडवा बसून ओरडतोय, "साडेपाच! नवरदेव हलका शे!" मुलीकडच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली.

हा माणूस माझा शेजारी होता. शहाद्याच्या गुजर गल्लीत त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत. त्यांची तापीकाठी चाळीस एकर जमीन, केळी आणि कापूस. मी एका जिनिंगमध्ये काट्यावर. कापसाच्या गाड्या यायच्या, मी तोलायचो, आकडा ओरडायचो. आयुष्य त्यातच गेलं. माणूस समोर आला की त्याचं नाव मला नंतर आठवतं, वजन आधी कळतं. हा गर्व नाही हो, खोड आहे. मी स्वतः पावणेदोन मण. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लागणार आहे.

आता ती गाडी. गुजरातकडच्या एका खालसा झालेल्या संस्थानातल्या वस्तू विकायला निघाल्या, तेव्हा जगनभाई बैलजोडी बघायला म्हणून गेले आणि मोटार घेऊन आले. दोन माणसांची, लाल रंगाची, उघडी विलायती शर्यतीची गाडी. लांबलचक नाक आणि मागे बसायला जेमतेम दोन खोबण्या. धोतर नेसलेला, पांढरी टोपी घातलेला पन्नाशीचा गृहस्थ ती चालवत गल्लीत शिरला तेव्हा बायका दारं लावून घेत्या झाल्या. मी कपाळाला हात लावला.

बरं, अशी गाडी मुळात बुटकी असते म्हणतात. ही नव्हती. आधीच्या मालकाला शिकारीचा नाद. तोरणमाळच्या चढावर दगड लागू नयेत म्हणून त्याने ती उंच करून घेतली होती. चाकांवर गाडीचं वजन झेलतात त्या पोलादाच्या पट्ट्या असतात ना, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या, आमच्याकडे त्यांना पाटे म्हणतात, ते त्याने दुप्पट बसवले होते. गाडी दिसायला शर्यतीची आणि चालायला दगडाची. मडगार्डखाली बरोबर आठ बोटांची फट. जगनभाईंना ती चार बोटांची करायची होती.

"गाडी बठाले जोयजे, आप्पा," ते मला रोज सांगायचे. म्हणजे गाडी बसली पाहिजे. "चार बोटं खाले!"

शहाद्यात त्या वेळी बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर. ट्रकवाले जास्तीचे पाटे घालून गाड्या उंच करत होते, आणि ह्या बाबाला खाली यायचं होतं. कोणी विचारलं की प्रत्येकाला वेगळं कारण. एकाला सांगितलं, वारा खालून शिरतो. दुसऱ्याला सांगितलं, वळणावर टांग वर करते. मला म्हणाले, "दिसाले बरं दिसस." मी म्हणालो, जगनभाई, तुम्हाला कोणी मुलगी द्यायची राहिलीय का आता? त्यावर ते उठून परत चाकाशी जाऊन बसले.

खरं कारण मला वहिनींनी सांगितलं. जगनभाईंची बायको. ओट्यावरच्या खाटेला टेकून बसलेल्या असायच्या. मणक्यात क्षय शिरला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सहा महिने औषधं दिली आणि मग देणं कमी केलं. हसायला लागल्या की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळायच्या, मग त्या दुसऱ्या हाताने खाली ओढायच्या.

"मले आखाजीले माहेर जानं शे, आप्पा भाऊ," त्या म्हणाल्या. "तीन सालपासून गऊ नही."

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. केस पिकले तरी जातात. वहिनींचं माहेर तापीकाठी, सहा कोसांवर. बैलगाडीत हाडं मोडली असती आणि एसटीत जीव गेला असता. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आता न्यायचं तर न्या, पण हादरा बसता कामा नये, आणि पाय उंच उचलून चढणं नको. जगनभाई म्हणाले, मी उचलून ठेवीन. वहिनी म्हणाल्या, उचलून नेलेली मी माहेरच्या दारात उतरणार नाही. आपल्या पायांनी चढेन आणि आपल्या पायांनी उतरेन, नाहीतर जाणार नाही. झालं! त्यासाठी ही लाल गाडी, आणि त्यासाठी ती चार बोटं.

"आते गाडी पहिले खाले येस का मी पहिले वर जास, हाई दखनं शे," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मला हसता येईना. घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

मग सुरू झाले ते प्रयोग. यासीन मिस्त्री म्हणून आमच्याकडे ट्रकांची कामं करायचा. भला माणूस, पण शर्यतीची गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने नऊ पाट्यांतले चार काढले. गाडी डावीकडे सहा बोटं आणि उजवीकडे तीन बोटं झाली आणि लंगड्या कुत्र्यासारखी पळू लागली. मग त्याने पाटे भट्टीत तापवून, ठोकून कमान सपाट केली. चारही चाकांवर चार बोटं! जगनभाईंनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नुसती उभी असताना बार काढल्यासारखा आवाज झाला. पाटा मधोमध तुटला. गोठ्यातल्या गाईने दावं तोडलं आणि ती थेट दोंडाईच्याच्या रस्त्याला लागली.

"पाटीलसाब, ये गाडी है, घोरपड नई, जो जमीन को चिपक के चलेगी," यासीन हात जोडून म्हणाला.

जगनभाई ऐकतात होय! धुळ्याहून एका टांग्याचे पाटे आणून बसवले. नरम होते, फारच नरम. गाडी पाळण्यासारखी झुलली आणि चालवता चालवता खुद्द जगनभाईंनाच उलटी झाली.

ह्या सगळ्या प्रयोगांत वहिनींच्या जागेवर सरकीची गोणी असायची. जगनभाई आधी मला म्हणाले होते, "गोणी कसाले? आप्पा, तुम्हीच बठा." मी साफ सांगितलं, त्या लाल पेटाऱ्यात मी बसणार नाही. मग त्यांनी माझ्या काट्यावरून पावणेदोन मणाची गोणी तोलून नेली, शेराचाही फरक चालेना. ती गोणी शेजारी बसवून ते गावभर हिंडायचे. पोरं ओरडायची, "पाटलीणबाई निघाल्या!" जगनभाई गोणीला एका हाताने धरून गाडी चालवायचे, वळणावर कलंडू नये म्हणून.

पावणेदोनच मण का, ते सांगतो. सात वर्षांपूर्वी वहिनींना विषमज्वर झाला होता. जगनभाईंनी नवस बोलला, ही उठली तर हिची गुळाने तुला करीन. उठल्या. प्रकाशा गावी, तापीच्या संगमावर, महादेवाच्या देवळात तुला झाली. एका पारड्यात वहिनी, दुसऱ्यात पाच-पाच शेरांच्या भेल्या, म्हणजे गुळाच्या ढेपा. तराजू धरायला मला नेलं होतं, कारण गावात काट्याचा माणूस मीच. चौदा भेल्या बसल्या, सत्तर शेर, म्हणजे पावणेदोन मण. वहिनी लाजून लाल झाल्या होत्या आणि जगनभाई सगळ्या संगमाला ऐकू जाईल असं ओरडले होते, "चौदा! मन्ही घरनी चौदा भेल्यासनी शे!" त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात वहिनी चौदा भेल्यांच्या. त्यात पुढे काही बदललं नाही.

शेवटी मुंबईच्या एका वर्कशॉपचा पत्ता मिळाला. विलायती गाड्यांचे पाटे ते बनवून द्यायचे. पत्र मी लिहिलं, कारण मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं. उत्तरात एक छापील कागद आला. तीन तऱ्हेचे पाटे होते: नरम, मधले आणि कडक. तिन्हींनी गाडी चार बोटं खाली येणार, पण आतल्या माणसांच्या वजनाप्रमाणे निवडायचे. शेजारी बसणारा माणूस सव्वा मणाच्या आत असेल तर नरम घ्या, त्याच्या वर असेल तर मधले. चुकलं तर गाडी बसणार नाही, उडेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मीच ते वाचून दाखवलं.

जगनभाई आठ दिवस तो कागद उशाशी घेऊन होते. चित्रांवर बोट फिरवायचे. नरम पाट्यांचा पोलादी रंग त्यांना आवडेना, कडकांची कमान आवडेना. मग एका सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मधला. लिखा, पावणेदोन मण."

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ, उघडलं होतं. आदल्याच दिवशी वहिनींना ओट्यावर पाहिलं होतं आणि माझ्या डोळ्यांनी आकडा सांगितला होता. काट्याची गरज नव्हती.

"जगनभाई," मी म्हणालो, "एकदा वहिनींना आपल्या काट्यावर..."

"कसाले? देवनासमोर तोलेल शे. तराजू कोन्ही धरेल व्हता?"

"मीच."

"मंग? देवनासमोर करेल वजन खोटं कसं व्हई? लिखा!"

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, कागदाकडे पाहिलं. मी समजलो. समजलो आणि तरी लिहिलं. पस्तीस वर्षांत काट्यावर मी कोणाला खोटा आकडा दिला नव्हता. व्यापाऱ्यांनी डोळे वटारले, दिला नाही. शेतकऱ्यांनी पाय धरले, दिला नाही. तो एकच दिला.

आखाजीच्या दोन दिवस आधी पार्सल नंदुरबारच्या स्टेशनात आलं. जगनभाईंनी बैलगाडी जुंपून स्वतः आणलं. यासीनने दिवसभर खपून पाटे बसवले. शेजारी गोणी ठेवली, जगनभाई स्टिअरिंगला बसले, यासीनने बोटं घातली. चार! गाडी चाकोऱ्यांतून नेली तर गोणी हललीसुद्धा नाही. जगनभाई खाली उतरले आणि यासीनच्या गळ्यात पडले. "बठनी रे भो, बठनी!" मलाही वाटलं, चला, गोणी काय आणि माणूस काय, थोडंफार इकडेतिकडे चालतं. आयुष्यभर थोडंफार न चालवणारा मी, असं वाटून घेतलं.

आखाजीच्या दिवशी ऊन व्हायच्या आत गाडी ओट्याला लावली. वहिनी हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बाहेर आल्या. सगळी गल्ली दारात. त्यांनी दारावर हात ठेवला, एक पाय आत टाकला, थांबल्या, दुसरा टाकला आणि बसल्या. कोणाचा हात न धरता! बायकांनी तोंडाला पदर लावले. वहिनींनी मान वर करून सगळ्यांकडे अशी नजर फिरवली की काय सांगू, नवरी मुलगी काय मिरवेल.

जगनभाई सवयीने मागच्या चाकाशी बसले आणि बोटं घातली.

त्यांनी हात बाहेर काढला, बोटांकडे पाहिलं आणि परत आत घातला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पाच जाई ऱ्हायनात, आप्पा," ते हळूच म्हणाले.

ते उठले, गाडी सुरू केली, कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत नेली. रिकामी बैलगाडी कशी उडते, तशी ती वहिनींच्या बाजूने प्रत्येक चाकोरीत उडत होती. "व माय!" असा एकदा आवाज आला, मग आला नाही. परत आले तेव्हा वहिनींनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ दाबून धरले होते. पण उतरू का, असं त्या म्हणाल्या नाहीत.

जगनभाई घरात गेले. काखेत गुळाची भेली घेऊन बाहेर आले आणि ती वहिनींच्या पायाशी ठेवली. मागे जाऊन बोटं घातली. परत घरात. दुसरी भेली. बोटं. तिसरी. गल्लीतल्या कोणालाच काही कळेना. यासीन पुढे झाला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"गूळ कसाले?" वहिनींनी विचारलं.

"माहेरले रिकामा हाते जातस का? आखाजी शे," जगनभाई म्हणाले आणि चौथी आणायला गेले.

सहाव्या भेलीला त्यांची बोटं चारावर अडली. त्यांनी हात धोतराला पुसला. "बठनी," म्हणाले.

वहिनी पायाशी बघत होत्या. त्यांनीही मोजल्या होत्या. त्या संगमावर त्याही होत्याच की, पारड्यात!

"सहा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हंजे आते मी आठच भेल्यासनी ऱ्हायनू. नही का, आप्पा भाऊ?"

मला आकडा माहीत होता. आठ भेल्या, चाळीस शेर, एक मण. तो मला महिन्याभरापूर्वीच माहीत होता आणि तो मी लिहिला असता तर आज नरम पाटे असते आणि पायाशी गूळ नसता. मी हात जोडले. त्या हसल्या, बांगड्या खाली ओढल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चाला आते. ऊन व्हई जाई."

गाडी गेली. अजिबात उडली नाही. आठ दिवसांनी परतताना भेल्या तिकडे वाटून झाल्या होत्या, म्हणून भावाने पायाशी कैऱ्यांच्या पाट्या भरून दिल्या. माहेरी वहिनी आपल्या पायांनी उतरल्या, झोक्याजवळ बसल्या, आणि त्यांना दोन गाणी पूर्ण म्हणता आली, असं जगनभाई मला तीनदा सांगून गेले. श्रावणात वहिनी गेल्या.

त्यानंतर जगनभाईंनी कुठल्या गाडीला बोटं लावली नाहीत. कचेरीत मोठ्या साहेबांची नवीकोरी मोटार आली, सगळा गाव बघायला गेला. हे तिच्या बाजूने निघून गेले, मान न वळवता. लाल गाडी गोठ्यात पडून राहिली. मी चार-सहा वेळा हाक मारायला गेलो आणि दारातून परत आलो.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ते जिनिंगमध्ये आले. काट्याशेजारी उभे राहिले. गाड्या संपेपर्यंत तिथेच थांबले.

"गाडी काढेल व्हती आज," मग म्हणाले. "उडी ऱ्हायनी, आप्पा. एकलानं ती बठत नही."

"गोणी ठेवा की."

"गोणी नको." ते काट्याकडे बघत होते. "तुमनं वजन बरोबर शे."

मी काटा बंद केला, टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर निघालो. त्या पेटाऱ्यात मी जिवंतपणी बसणार नव्हतो, बसलो. गुडघे हनुवटीला लागले. जगनभाई मागे गेले, वाकले, फटीत बोटं घातली. चार बोटं, मला माहीत होतं. ते येऊन स्टिअरिंगला बसले आणि गाडी प्रकाशाच्या रस्त्याला लागली.

गावाबाहेर पडल्यावर माझ्या पायाला काहीतरी चावलं. खाली बघतो तर मुंग्या. वैशाखाच्या उन्हात पाझरलेला गूळ चटईत मुरला होता, काळा पडला होता, आणि त्याला मुंग्यांची रांग लागली होती. मी चटई झटकायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," जगनभाई समोर बघत म्हणाले. "खाऊ द्या त्यासले."

मी पाय वर उचलून घेतले आणि संगमापर्यंत तसाच बसून राहिलो.